मुशीला हाड नसतं, जाहिरातीच्या जिभेलाही नसतं

मोठ्या आतड्यातली गाठ काढून शेजारचे काका घरी आले, त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. पोटावरची पट्टी अजून बदलावी लागत होती. मी भेटायला म्हणून गेले, तर काकूंनी कपाटातून एक पांढरी बाटली काढून माझ्या हातात दिली. न्यू जर्सीहून आलेल्या भाच्यानं आणलेली. वर निळा समुद्र, त्यात शार्क आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं शार्क कार्टिलेज, म्हणजे शार्कची कूर्चा.

"तू फार्मसी कॉलेजात शिकवतेस ना, बघ जरा. रोज सहा घ्यायच्यात. गाठीचा रक्तपुरवठा तोडतात म्हणे. आणि नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय तर नाहीच ना?"

बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. अमेरिकी कायद्यानं छापायला लावलेली ठरावीक ओळ तिथे होतीच: या दाव्याची अन्न व औषध प्रशासनानं तपासणी केलेली नाही, हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी नाही. मी म्हटलं, "काकू, यानं खरंच रक्तवाहिन्यांची वाढ थांबत असेल, तर आज मुळीच देऊ नका, काकांची जखम भरायचीय. आणि थांबत नसेल, तर कधीच देऊ नका."

काकू चिडल्या. "म्हणजे कसंही असलं तरी नाहीच?"

हो, नाहीच. आणि हे मी काकांपुरतं म्हणत नाही. प्राण्यांपासून काढलेला एखादा पदार्थ शरीरातल्या रक्तवाहिन्यांची वाढ कमी-जास्त करतो, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं तो औषध म्हणून तपासून घ्यावा आणि औषध म्हणूनच विकावा. तसा परिणाम होत नसेल, तर ते शब्द बाटलीवरून, जाहिरातीतून आणि दुकानदाराच्या तोंडून काढून टाकावेत. आज या दोहोंमध्ये 'पूरक आहार' नावाची जी ऐसपैस ओसरी तयार झाली आहे, तिथे औषधाचा मान मिळतो आणि औषधाची जबाबदारी टळते. माझा विरोध आहे तो या ओसरीला. चाचण्यांना नाही. उलट चाचण्या व्हाव्यात, आणि विक्रीच्या आधी व्हाव्यात.

या बाटलीची कथा भोंदूगिरीत सुरू झालेली नाही, हे आधी सांगायला हवं. ती सुरू झाली उत्तम विज्ञानात. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात. ती आजूबाजूच्या वाहिन्यांना रासायनिक सांगावा धाडते, त्यांना फांद्या फुटतात, आणि गाठीला पाणीपुरवठ्याचं कनेक्शन मिळतं. ते कनेक्शनच मिळू दिलं नाही तर? त्या काळी ही कल्पना अनेकांना पटली नव्हती. पण समजा ती खरी आहे, तर वाहिन्यांना अडवणारा पदार्थ शोधायचा कुठे? जिथे वाहिन्याच नसतात तिथे. कूर्चेत. नाकाच्या शेंड्याला, कानाला आकार देणारी, सांध्यात हाडांच्या टोकांवर बसलेली ही लवचीक वस्तू. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात.

१९७५ मध्ये हेन्री ब्रेम आणि फोकमन यांनी सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात गाठीचा तुकडा ठेवला आणि शेजारी कूर्चेचा तुकडा. वाहिन्यांची वाढ मंदावली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी वासरांच्या कूर्चेतून तो अडवणारा अंश वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. पण वासरात कूर्चा असून असून किती असणार? आपल्या कोळणींना विचारा कूर्चा ढिगानं कुठे मिळते ते. मुशीला, म्हणजे आपल्याकडच्या शार्कला, हाड नसतं. तिचा अख्खा सांगाडाच कूर्चेचा. १९८३ मध्ये ॲन ली आणि लँगर यांनी शार्कच्या कूर्चेतही तोच गुण असल्याचं दाखवलं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता यातला एक तपशील नीट बघा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. त्या प्रयोगात शार्कच्या कूर्चेचा अर्क काढून, तो हळूहळू झिरपेल अशा बारीक गोळीत भरून, सशाच्या डोळ्यात गाठीच्या अगदी शेजारी ठेवला होता. सशाला तो खायला घातला नव्हता. पोटातून गेलेली कूर्चा पचते. तिच्यातल्या प्रथिनांचे तुकडे तुकडे होतात, डाळीच्या प्रथिनांचे होतात तसेच. मुशीचं कालवण ओरपलं म्हणून कुणाच्या अंगाला मुशीची खरखरीत कातडी येत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच होता: कूर्चेची पूड गिळली, तर तो गुण असलेला रेणू शाबूत रक्तात पोचतो का? हा प्रश्न तुलनेनं स्वस्तात तपासता येतो. बाजाराला तो विचारायचाच नव्हता.

१९९२ मध्ये विल्यम लेन यांचं, शार्क माशांना कर्करोग होत नाही असं नावातच जाहीर करणारं इंग्रजी पुस्तक आलं. १९९३ मध्ये सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात क्यूबातल्या काही रुग्णांवरच्या प्रयोगाची गोष्ट दाखवली गेली, आणि शार्कची पूड अमेरिकेत घरोघरी पोचली. लेन यांच्या मुलाची कंपनी ती विकत होती. १९९४ मध्ये अमेरिकेनं पूरक आहारांसाठी असा कायदा केला की, असल्या वस्तू विकण्यापूर्वी त्या गुणकारी आहेत हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. मी वर वाचलेली बारीक ओळ त्याच कायद्याची देणगी.

बाकी शार्कना कर्करोग होतो. बऱ्यापैकी होतो. २००४ मध्ये गॅरी ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी शार्क आणि त्यांच्या भाऊबंद माशांमधल्या गाठींच्या ४२ नोंदी एकत्र करून छापल्या. त्यातल्या काही तर कूर्चेच्याच गाठी होत्या. आणि समजा नसता झाला कर्करोग, तरी काय? हत्तीला मूळव्याध होत नाही असं कुणी सिद्ध केलं, तर आपण हत्तीची शेपूट उगाळून पिणार आहोत का?

आता चाचण्यांकडे येते. शार्कच्या पुडीच्या चाचण्या झाल्या, चांगल्या झाल्या, पण वरातीमागून घोडं आलं. १९९८ मध्ये बरा न होणारा कर्करोग असलेल्या ६० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मात्रा होती दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसानं रोज साठ ग्रॅम पूड खायची. काकूंच्या सहा कॅप्सूल त्यापुढे चिमूटभरसुद्धा नाहीत. एकाही रुग्णाची गाठ आकसली नाही. २००५ मध्ये स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगाच्या ८३ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांना पूड, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी पूड. फरक शून्य. तो ६०० रुग्णांचा ठरला होता, पण माणसं मिळेनात म्हणून आटोपता घेतला. आणि २०१० मध्ये सर्वांत मोठा निकाल लागला. कॅनडातल्या एका कंपनीनं शार्कच्या कूर्चेचा शुद्ध केलेला द्रव अर्क तयार केला होता. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांना नेहमीचे उपचार तर दिलेच, शिवाय काहींना तो अर्क आणि काहींना खोटा द्रव दिला. अर्क घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १४.४ महिने निघालं, खोटा द्रव घेणाऱ्यांचं १५.६ महिने.

पहिल्या प्रयोगापासून या निकालापर्यंत पस्तीस वर्षं. यातली शेवटची सतरा-अठरा वर्षं पूड सर्रास विकली जात होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००० मध्ये लेन यांच्या मुलाच्या कंपनीशी दहा लाख डॉलरचा समझोता केला. २००४ मध्ये न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयानं विक्री थांबवून गिऱ्हाइकांचे पैसे परत करायला सांगितलं. पैसे परत करता येतात, हे खरं. १९९८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका नऊ वर्षांच्या मुलीची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकाला कळवली होती. मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेनं काढली होती. पुढे किरणोपचार आणि औषधं सुचवली होती. आईवडिलांनी त्याऐवजी शार्कची पूड दिली. गाठ पुन्हा वाढली आणि मुलगी गेली.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पूडच ती, फार तर काय, उपयोग होणार नाही." वाहिन्यांच्या बाबतीत हे 'फार तर काय' फार महागात पडू शकतं. फोकमन बरोबर होते. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅब या औषधाला आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. वाहिन्यांना वाढायला सांगणारा जो रेणू आहे, त्यालाच ते धरून ठेवतं. म्हणजे बाटलीनं ज्या परिणामाचं नुसतं नाव घेतलं, तो प्रत्यक्षात आणणारं हे औषध. आता त्याच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय? मोठ्या शस्त्रक्रियेनंतर २८ दिवस देऊ नका, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तर नाहीच. आतड्याला भोक पडू शकतं. रक्तदाब चढतो. रक्तस्राव होऊ शकतो. काकांचा बारावा दिवस होता.

वाहिनी वाढणं चांगलं की वाईट, याला एकच उत्तर नाही. आपल्याकडच्या एखाद्या मधुमेही आजोबांना डोळ्यांपुढे आणा. शोधायला लांब जायला नको, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. आजोबांच्या पायाला जखम झाली आहे, ती चिघळलीय, कारण तिथे पुरेसं रक्त पोचत नाही. पायाला नव्या वाहिन्या हव्यात. त्याच आजोबांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नको तिथे कच्च्या वाहिन्या फुटताहेत. त्या गळतात, फुटतात, नजर जाते. म्हणून दर काही आठवड्यांनी त्यांना 'डोळ्यातलं इंजेक्शन' घ्यायला नेतात, ते इंजेक्शन वाहिन्यांची वाढ रोखणारंच असतं. पाय म्हणतो वाढवा, डोळा म्हणतो थांबवा. डॉक्टर सुई डोळ्यात घालतात ती उगीच नाही. औषध जिथे हवं तिथेच राहावं, सगळ्या अंगभर फिरू नये म्हणून. आता या आजोबांना 'रक्ताभिसरण सुधारणारी' एक नैसर्गिक कॅप्सूल द्या. ती चालत असेल, तर पायाचं भलं करील की डोळ्याचं वाटोळं? बाटलीवर याचं उत्तर नसतं, कारण हा प्रश्न कुणी तपासलेलाच नसतो.

आणि गर्भ. गर्भातलं बाळ म्हणजे अखंड नव्या वाहिन्या फुटत राहणं. १९५७ मध्ये जर्मनीत आलेलं थॅलिडोमाइड हे निर्धोक झोपेचं औषध म्हणून, गरोदर बायकांच्या मळमळीवर सुद्धा, दिलं गेलं, आणि १९६१ मध्ये बाजारातून काढेपर्यंत हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९९४ मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट डामाटो यांनी दाखवलं की थॅलिडोमाइड वाहिन्यांची वाढ अडवतं. व्यंगांमागे इतरही कारणं सापडली आहेत, पण हे त्यातलं एक मानलं जातं. तेच औषध पुढे कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगावर परत आलं, कडेकोट बंदोबस्तात. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खाऊ घालतात. खुशाल घालावी, ते अन्न आहे, आणि कुणीही त्याच्या वाटीवर काही छापलेलं नाही. पण 'वाहिन्यांची वाढ रोखते' असा गुण सांगून कुणी तिच्याच पुडीची कॅप्सूल विकत असेल, तर ती गरोदर बाईला चालेल का, हे त्यानं आधी सांगायला नको?

'नैसर्गिक आहे' हा शब्द इथे काहीच काम करत नाही. शरीर रेणू ओळखतं, त्याचं माहेर विचारत नाही. आणि प्राण्यांपासून औषधं मिळतच नाहीत, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषातल्या घटकावरून सुचलेलं कॅप्टोप्रिल आज रक्तदाबाच्या औषधांच्या एका मोठ्या कुळाचा मूळपुरुष आहे. हेपारिन डुकराच्या आतड्यातून येतं, आणि त्याच्याविना हृदयाच्या शस्त्रक्रिया व्हायच्या नाहीत. तिथेही २००८ मध्ये काय झालं बघा. चीनमधून आलेल्या हेपारिनच्या कच्च्या मालात कूर्चेतल्याच कॉन्ड्रॉइटिन या द्रव्यावर प्रक्रिया करून केलेली भेसळ सापडली, नेहमीच्या तपासण्या तिनं चुकवल्या होत्या, आणि रुग्ण दगावले. औषधाच्या कडक पहाऱ्यातून हे निसटतं, तर पूरक आहाराच्या बाटलीत काय आहे याची खात्री कोण देणार? शार्क तर समुद्रातल्या अन्नसाखळीच्या टोकावर बसलेला. खालच्यांनी गोळा केलेला पारा त्याच्या अंगात साठतो.

मग नीट रस्ता कसा असतो? तोही शार्कनंच दाखवलाय. १९९३ मध्ये मायकेल झॅस्लॉफ आणि सहकाऱ्यांना एका छोट्या शार्कच्या जठरात स्क्वालामिन नावाचा रेणू सापडला. पुढे कळलं, तोही वाहिन्यांना अडवतो. तो रेणू म्हणजे नेमका काय, हे ठरवलं; तो प्रयोगशाळेत बनवला, म्हणजे शार्क मारायची गरज संपली; शेवटी उतारवयातल्या डोळ्यांच्या विकारासाठी त्याचे थेंब करून माणसांवर टप्प्याटप्प्यानं तपासले. जानेवारी २०१८ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल आला: उपयोग नाही. कंपनीनं ते जाहीर केलं आणि विषय संपला. मला हा निकाल पराभवाचा वाटत नाही. 'नाही' असं स्वच्छ उत्तर मिळवायलासुद्धा पद्धत लागते. शार्कच्या पुडीचं 'नाही' कितीही छापून आलं, तरी काकूंच्या कपाटापर्यंत पोचलं नाही, कारण बाटली आधी पोचली होती.

आता माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट, म्हणजे कॉलेजातली. आपल्याकडे एम. फार्मच्या प्रबंधांत एक चाचणी फार लाडकी आहे, कोंबडीच्या अंड्याची. स्वस्त, डोळ्यांना दिसणारी, उंदरांसारख्या परवानग्यांचं झंझट नाही. फलित अंडी उबवणी यंत्रात ३७ अंशांवर, वाफेची ओल ठेवून, लावायची. तिसऱ्या दिवशी सुईनं थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे आतला पडदा कवचापासून खाली बसतो. मग कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि चिकटपट्टीनं झाकायची. आठव्या दिवशी खिडकी उघडली की पहिल्यांदा पाहणारी प्रत्येक मुलगी "अगंबाई" म्हणते. लाल शिरांची जाळी, पिंपळाच्या पानासारखी, आणि मधे इवलासा हलणारा गर्भ. त्या जाळीवर अर्क लावलेली कागदाची टिकली ठेवायची, दोन-तीन दिवसांनी शिरा मोजायच्या. टिकलीभोवती शिरा विरळ झाल्या, की प्रबंध झाला.

पण शिरा विरळ का झाल्या? अर्कानं वाहिन्यांची वाढ थांबवली म्हणून, की अर्क इतका खारट किंवा आम्लधर्मी होता की पडदा नुसता होरपळला? मीठ टाकलं तरी शिरा आकसतात. कवचाची बारीक भुकटी आत पडली, तर तिच्याभोवती उलट शिरा फुटतात. आणि मोजणाऱ्या मुलीला कोणतं अंडं कशाचं, हे माहीत असेल, तर तिची नजर नकळत आपल्या मनासारखं मोजते. मी हे दरवर्षी बघते. ही चाचणी वाईट नाही. ती दाराशी विचारायचा पहिला प्रश्न आहे. काचपात्रातल्या मानवी पेशी नळ्या बांधतात का, उंदराच्या महाधमनीच्या कडीतून कोंब फुटतात का, हेही तसलेच प्रश्न. त्यानंतर: त्या अर्कात नेमकं आहे काय, प्रत्येक वेळी तेवढंच असतं का, गिळल्यावर रक्तात किती पोचतं, आणि जी मात्रा काचपात्रात चालली ती माणसाच्या रक्तात कधी तरी येऊ शकते का. यातल्या शेवटच्या प्रश्नाशी बहुतेक सगळी चमत्कारिक द्रव्यं गारद होतात. आपल्याकडे मात्र अंड्यावरून थेट लेबलवर उडी मारतात, मधल्या पायऱ्या गाळून.

उडी मारायला कायदा अडवत नाही का? अडवतो, अर्धवट. औषधांच्या आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा कर्करोगावर इलाज म्हणून जाहिरात करू देत नाही. पूरक आहारांसाठीचे एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचे, २०१६ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. औषधी वापरासाठी नाही, असं लेबलवर लिहावं लागतं. त्यामुळे हुशार विक्रेता 'कर्करोग' हा शब्दच उच्चारत नाही. तो लिहितो, 'निरोगी रक्तवाहिन्यांसाठी', 'पेशींच्या संतुलनासाठी'. उरलेलं वाक्य दुकानदार, ओळखीची काकू किंवा मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ पूर्ण करतो. जिभेला हाड नसतं, जाहिरातीच्या तर नसतंच. माझं म्हणणं असं की रक्तवाहिन्यांच्या वाढीचा नुसता इशारासुद्धा औषधी दावा धरावा. संशोधनाचा दाखला लेबलवर द्यायचा असेल, तर तो माणसांवरच्या चाचणीचाच असावा. अंड्याचा आणि काचपात्राचा चालणार नाही. आणि नसेल तर गप्प राहावं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही अगदी टाकाऊ नाहीत. पहिला पैशाचा. माणसांवरच्या चाचण्यांना कोट्यवधी लागतात. मुशीच्या पुडीवर, मधमाशीच्या रॉयल जेलीवर, मृगशृंगाच्या भस्मावर सहसा पक्का एकाधिकार मिळत नाही, मग कोण खर्च करील? खरं आहे. म्हणूनच हा खर्च सरकारी पैशातून व्हावा असं मला वाटतं, पण सरसकट नाही. लोक ज्या चार-पाच गोष्टी खरोखरच कर्करोगाच्या किंवा मधुमेहाच्या उपचारांसोबत घेतात, त्या शोधाव्यात (कर्करोग रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं विचारलं तरी यादी मिळेल) आणि तेवढ्या तपासाव्यात, स्वस्त पायऱ्यांपासून, नापास झालं की तिथेच थांबून. २००९ पासून आपल्याकडे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या आधी सरकारी नोंदवहीत नोंदवाव्या लागतात. त्यात निकालही तितक्याच सक्तीनं टाकायला लावा, विशेषतः फसलेले.

दुसरा आक्षेप परंपरेचा: आमच्या ग्रंथांत हे हजारो वर्षं आहे, तुमच्या अंड्यांची आम्हाला काय गरज? या म्हणण्याचा मी मान राखते, पण ते म्हणणारा स्वतः त्यावर टिकत नाही. त्याला लगेच पेटंट दाखवायचं असतं. गोमूत्राच्या अर्काचं उदाहरण घ्या. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला २००२ मध्ये त्यावर अमेरिकी पेटंट मिळालं, नागपूरच्या गोविज्ञान अनुसंधान केंद्राच्या सहकार्यानं झालेल्या कामाचं. ते होतं प्रतिजैविकाची ताकद वाढवण्याबद्दल. आज ते जणू सर्व रोगांवरचा सरकारी शिक्का असल्यासारखं मिरवलं जातं. पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे याची पावती. रोगी बरा झाल्याची नव्हे. परंपरा सांगायची असेल तर परंपरेच्या शब्दांत सांगा, वैद्याच्या जबाबदारीवर द्या. पण प्रयोगशाळेची भाषा उसनी आणली, 'अँटी-अँजिओजेनिक', म्हणजे वाहिन्यांची वाढ रोखणारं, म्हटलं, की तिची परीक्षाही आली.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं मासळी बाजारातून खवले गोळा करून त्यांचा अर्क काढला. पोरगी कष्टाळू; बाजाराचा वास केसांना लागतो म्हणून वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसत नसत. अंड्यांवर निकाल चांगला आला. शिरा विरळ झाल्या, मोजणी दुसऱ्या मुलीकडून करून घेतली होती, कोणतं अंडं कशाचं ते न सांगता. प्रबंधाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'म्हणून हा अर्क कर्करोगाच्या उपचारात उपयुक्त ठरू शकतो.' मी लाल पेनानं ती ओळ खोडली.

"मग काय लिहू, मॅडम?"

"जे झालं ते. इतकी अंडी, एवढी मात्रा, इतक्या तासांनी शिरा कमी दिसल्या. गिळल्यावर काय होतं, ते पाहिलेलं नाही."

तिनं पान उलटून पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यावर कोण छापणार, मॅडम?"